केबलची तार सुटली, खेळाचा पैसा आता कुठून येणार?

 

आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, हिला झालंय तरी काय! एरवी ही बाई बँक जोडणी, व्याजाचा हिशेब, पापडाचं लेबल असलं काहीतरी सांगत असते, आणि आज एकदम क्रिकेट आणि कबड्डी? पण थोडं थांबा. विषय पैशाचाच आहे, आणि तो आपल्या गटाच्या बैठकीतूनच निघालाय.

रोहा तालुक्यातल्या एका गटाची मासिक बैठक होती. त्या गटातल्या एका वहिनींच्या घरी केबलचा धंदा आहे. आजूबाजूच्या चार गावांना त्यांच्या घरातून जोडणी जाते. नाव सांगत नाही, पण ही गोष्ट सांगायला त्यांनी परवानगी दिली आहे. २०१७ च्या सुमारास सरकारने खेड्यापाड्यांतही सेट टॉप बॉक्स सक्तीचा केला, तेव्हा त्यांनी गटाकडून कर्ज काढून बॉक्स घेतले होते. ते कर्ज त्यांनी वेळेत फेडलं, एक हप्ता चुकला नाही. आता त्यांनी पुन्हा साठ हजारांचा अर्ज टाकला. फायबरची वायर आणि ती जोडायचं मशीन घ्यायचं, आणि घराघरात टीव्हीबरोबर इंटरनेट द्यायचं, असा बेत.

अर्ज वाचून झाला आणि कोषाध्यक्ष मावशींनी सरळ विचारलं, "आता केबल कोन ठेवतय गो ताई? पोरांचे हातान मोबाईल हाय." सगळ्याजणी माझ्याकडे बघायला लागल्या. मी काय सांगणार? दोनशेच्या आसपास जोडण्या होत्या, त्या निम्म्यावरही राहिल्या नाहीत, हे वहिनींनी स्वतःच सांगितलं होतं. मग मी म्हटलं, पुढच्या बैठकीपर्यंत वेळ द्या, मी माहिती काढते. ती काढता काढता जे कळलं, ते आज तुमच्यापुढे ठेवते.

आधी आपल्या घरातला हिशेब बघू. केबलचं बिल भरताना आपण म्हणतो, केबलवाल्याला पैसे दिले. पण ते सगळे त्याच्या खिशात जातात का? २०१९ च्या फेब्रुवारीपासून 'ट्राय' या सरकारी नियामक संस्थेने चॅनेलचा भाव वेगवेगळा करून दाखवायला लावला. जोडणीचं शुल्क महिन्याला जास्तीत जास्त १३० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, आणि पैसे लागणाऱ्या चॅनेलची किंमत वेगळी. आता समजा खेळाचा एक चॅनेल १९ रुपयांना आहे. त्यातले ८० टक्के, म्हणजे १५ रुपये २० पैसे, चॅनेलच्या मालक कंपनीला जातात. उरले ३ रुपये ८० पैसे. त्यातले ५५ टक्के शहरातून सिग्नल पुरवणाऱ्या मोठ्या केबल कंपनीचे, आणि वेगळा करार नसेल तर ४५ टक्के आपल्या गावातल्या केबलवाल्याचे. म्हणजे १९ रुपयांतून वहिनींच्या घरात येतात १ रुपया ७१ पैसे. मुख्य कमाई जोडणीच्या १३० रुपयांतली, त्यातले साधारण साडेअठ्ठावन्न. नंतर २०२४ च्या जुलैमध्ये १३० ची मर्यादा उठली, पण वाटणीची रीत समजायला हा हिशेब पुरेसा आहे.

मी हा हिशेब फळ्यावर मांडला तेव्हा वहिनी म्हणाल्या, "लोकांना वाटतं आम्ही मॅचवर कमावतो. आम्ही खांबावर चढून वायर ओढतो त्याचे पैसे मिळतात, मॅचचे नाही."

मग मॅचचे पैसे कोण कमावतं? त्यासाठी जरा मागे जाऊ, आणि इथे एक गोष्ट अशी आहे जी ऐकून मला स्वतःला फार आनंद झाला. आपल्या आया टीव्ही बघायला शेजारी जायच्या, त्या काळात दूरदर्शन एकटंच होतं. तेव्हा सामना दाखवण्याबद्दल क्रिकेट संघटनेला पैसे देणं राहिलं बाजूला, १९९३ साली हिरो कपच्या वेळी दूरदर्शनने उलट बंगालच्या क्रिकेट संघटनेकडेच एका सामन्यामागे पाच लाख रुपये मागितले. संघटनेने परदेशी कंपनीला हक्क विकले, दूरदर्शन आणि सरकारने हरकत घेतली, आणि भांडण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. ९ फेब्रुवारी १९९५ ला निकाल लागला. खंडपीठावर आपले मराठी न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. न्यायालयाने सांगितलं की हवेतून जाणाऱ्या या लहरी कुणा एकाच्या नाहीत, सरकारच्याही मालकीच्या नाहीत, ती जनतेची मालमत्ता आहे.

या एका निकालातून दोन वाटा फुटल्या. एका वाटेने खाजगी चॅनेल आले आणि क्रिकेटचा बाजार उभा राहिला. दुसऱ्या वाटेने, बऱ्याच वर्षांनी, २००६ साली सरकारने सामाजिक संस्थांना समुदाय रेडिओ चालवायची परवानगी दिली. २००८ मध्ये सातारा जिल्ह्यात म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी सुरू झाली, ती त्याच वाटेवर. म्हणजे बायांनो, मी आज या माइकसमोर बसून बोलू शकते त्याचं मूळ एका क्रिकेटच्या भांडणात आहे. आपल्याला क्रिकेटशी काय करायचंय, असं यापुढे कुणी म्हणू नका!

तर बाजार. सामना दाखवायचा हक्क म्हणजे 'मीडिया राइट्स' हा लिलावात विकला जातो. लिलाव आपल्याला नवा नाही. बंदरावर मासळीची पाटी उतरली की बोली लागते, तसंच हे. आयपीएल २००८ साली सुरू झाली, तेव्हा दहा वर्षांचा हक्क सुमारे एक अब्ज डॉलरला, म्हणजे तेव्हाच्या भावाने चार हजार कोटींच्या आसपास गेला. २०१८ ते २०२२ या पाचच वर्षांचा हक्क स्टार कंपनीने १६,३४७ कोटींना घेतला. आणि २०२३ ते २०२७ या पाच वर्षांसाठी एकूण बोली गेली ४८,३९० कोटींवर. सामने ४१०. भागून बघितलं तर एका सामन्याचे ११८ कोटी. साडेतीन तासांचा खेळ हो!

या शेवटच्या लिलावात एक महत्त्वाची गोष्ट होती. जून २०२२ मध्ये टीव्हीचा हक्क आणि मोबाईलचा हक्क वेगळे विकले गेले. देशातल्या टीव्हीवर दाखवायचे २३,५७५ कोटी डिस्ने स्टारने दिले, आणि मोबाईल-इंटरनेटवर दाखवायचे २०,५०० कोटी रिलायन्सशी जोडलेल्या वायकॉम १८ ने. मोबाईल टीव्हीच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला तो त्या दिवशी. माझ्या मते केबलची तार खरी तिथेच सुटली, आपल्या गावात ती नंतर दिसली एवढंच.

आता विचार करा, कंपनी इतके पैसे देते तर ते वसूल कसे करते? वाटा दोनच आहेत. एक, जाहिरातवाले देतात. दुसरी, बघणारे देतात, म्हणजे आपण. टीव्हीच्या काळात आपला वाटा नकळत जायचा. केबलच्या पॅकमध्ये खेळाचा चॅनेल असायचा आणि सासूबाई फक्त मालिका बघत असल्या तरी त्याचे १९ रुपये जायचे. खेळाच्या चॅनेलचा जीव या 'न बघणाऱ्या' घरांवर चालला होता. हे मी जरा ठासून सांगते, कारण सगळी गोम इथे आहे. केबल काढून टाकलेलं घर मोबाईलवर आलं की ते फक्त हवं तेच घेतं, हवं तेवढेच महिने घेतं. आयपीएल संपली की बंद. मालिका बघणारी सासूबाई क्रिकेटचे पैसे भरत नाही. ग्राहक म्हणून आपल्याला हे बरंच आहे. पण खेळाच्या पेटीत वर्षभर पडणारा तो बारीक पाऊस थांबला.

२०२३ साली कंपनीने आयपीएल मोबाईलवर चक्क फुकट दाखवली. आठवत असेल तुम्हाला, पेणच्या गणपती कारखान्यांत मूर्ती रंगवता रंगवता प्रत्येकाच्या बाजूला फोन उभा केलेला असायचा. आम्ही म्हणायचो, बरं झालं बाई, बिल वाचलं. पण फुकट कुणी किती दिवस देईल? दुकानदार पहिल्या दिवशी चवीला देतो तसं ते होतं. २०२४ च्या नोव्हेंबरात डिस्ने स्टार आणि वायकॉम १८ हे दोघेही एक झाले, जिओस्टार नावाने. २०२५ च्या फेब्रुवारीत दोन्ही ॲप एकत्र करून जिओहॉटस्टार झालं, आणि त्या वर्षीच्या आयपीएलला पैसे लागू झाले. फक्त मोबाईलवर, जाहिरातींसकट बघायचं तर तीन महिन्यांचे १४९ रुपये, किंवा ठराविक रिचार्जच्या पॅकसोबत.

आता पुन्हा बंदरावर चला. दोन व्यापारी समोरासमोर असले की पाटीचा भाव चढतो, हे कोळणीला कुणी शिकवावं लागत नाही. तेच दोघे रात्रीतून भागीदार झाले तर दुसऱ्या दिवशी काय होईल? आयपीएलचा पुढचा करार २०२८ पासूनचा. बोली लावायला सोनी आहे, परदेशी मोबाईल कंपन्याही येऊ शकतील. पण २०२२ ला जे दोघे एकमेकांवर चढाओढ करत होते ते आता एका घरात नांदतात. त्यात भर म्हणजे जाहिरातवाल्यांतला एक मोठा गट गेला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून बंदी आणली. क्रिकेटच्या जाहिरातीत या गेमवाल्यांचा पैसा पाण्यासारखा वाहत होता. भारतीय संघाच्या अंगावरच्या जर्सीवर ड्रीम इलेव्हनचं नाव होतं, तेही त्यानंतर उतरलं. आपल्या गटांतून ज्यांच्या पोरांनी त्या खेळांत पैसे घालवले, मंगळसूत्र गहाण ठेवायची वेळ आली, त्यांना या बंदीचं दुःख व्हायचं कारण नाही. मलाही नाही. पण तो पैसा खेळाच्या हिशेबातून वजा झाला, हेही खरं.

म्हणून पुढच्या लिलावात भाव आधीसारखा उडी मारेलच, असं मला तरी वाटत नाही. आयपीएल काही उपाशी मरणार नाही. पैसा आटतो तेव्हा झळ शेवटी बसलेल्याला आधी लागते. २०२५ च्या नोव्हेंबरात फुटबॉलच्या इंडियन सुपर लीगचे व्यवसाय हक्क विकायला काढले, तर एकही बोली आली नाही. देशातली सर्वांत मोठी फुटबॉल लीग, आणि तिचा हंगाम रखडला.

आणि आपली कबड्डी? रायगड जिल्ह्यातल्या बाईला कबड्डी समजावून सांगायची म्हणजे आजीला पापड लाटायला शिकवण्यासारखं. दिवाळी झाली की गावोगावी मैदानं आखली जातात. २०१४ साली प्रो कबड्डी टीव्हीवर आली आणि शेतातली लाल माती सोडून खेळ निळ्या-पिवळ्या मॅटवर गेला. २०२१ मध्ये तिचे पाच हंगामांचे हक्क ९०८ कोटींना गेले, म्हणजे एका हंगामाचे १८१ कोटींच्या वर. मोठा आकडा वाटतो ना? पण आयपीएलचा एक सामना ११८ कोटींचा. पुरुषांच्या कबड्डीचा आख्खा हंगाम म्हणजे आयपीएलचे दीड सामने.

आणि मुलींच्या कबड्डीचं काय झालं, ते ऐका. २०१६ मध्ये प्रो कबड्डीच्या जोडीला टीव्हीवाल्यांनी 'विमेन्स कबड्डी चॅलेंज' घेतलं. तीनच संघ. त्यातल्या एका संघाची कर्णधार आपल्या मुंबईची अभिलाषा म्हात्रे. अंतिम सामना इतका रंगला की एका गुणाने निकाल लागला, २४ विरुद्ध २३. त्यानंतर तो प्रयोग पुन्हा झाला नाही. २०२५ च्या नोव्हेंबरात आपल्या मुलींनी ढाक्याला कबड्डीचा विश्वचषक जिंकला, अंतिम सामन्यात चायनीज तैपेईला ३५-२८ ने हरवलं. मी माझ्या तीन गटांत विचारलं, तो सामना कुणी पाहिला? एकही हात वर झाला नाही. कबड्डीच्या मुलखात!

त्याच महिन्यात दुसरा विश्वचषक मात्र सगळ्यांनी पाहिला होता. २ नोव्हेंबर २०२५, नेरुळचं डी. वाय. पाटील स्टेडियम, आपल्या पेणहून मेमूने पनवेल आणि पुढे लोकलने नेरुळ, एवढ्या अंतरावर. भारतीय मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून पहिल्यांदा एकदिवसीय विश्वचषक उचलला. त्याआधी त्याच मैदानावर उपांत्य सामन्यात जेमिमा रॉड्रिग्जने ऑस्ट्रेलियासमोर नाबाद १२७ काढल्या, तेव्हा आमच्या आळीत फटाके वाजले. ॲप चालवणाऱ्या कंपनीने सांगितलं की अंतिम सामना साडेअठरा कोटी लोकांनी मोबाईल आणि स्मार्ट टीव्हीवर पाहिला. आकडा कंपनीचा आहे, तेव्हा चिमूटभर मीठ घेऊनच ऐकावा. पण आळीतले फटाके तर मी स्वतः ऐकले.

हे अचानक झालं नाही. २०२३ मध्ये महिलांची प्रीमियर लीग सुरू झाली. तिचे पाच वर्षांचे हक्क ९५१ कोटींना, एका सामन्याला सात कोटी नऊ लाख. पुरुषांच्या ११८ कोटींपुढे ते काहीच नाही, सोळा-सतरा सामने घाला तेव्हा बरोबरी होईल. पण पैसा आला की काय होतं बघा. पहिल्याच बोलीत सांगलीची स्मृती मंधाना ३ कोटी ४० लाखांना गेली, सगळ्यांत जास्त. मुलगी बॅट घेऊन हिंडते म्हणून नाकं मुरडणारे आता विचारतात, कोचिंग कुठे लावायचं? खेळ दिसला की पैसा येतो आणि पैसा आला की आणखी दिसतो. गाडा कुणीतरी पहिल्यांदा ढकलावा लागतो. क्रिकेटचा ढकलला गेला, कबड्डीचा एकदा ढकलून अर्ध्यावर सोडला.

आता मला जी गोष्ट सगळ्यात जास्त खटकते ती सांगते. टीव्ही घराचा असतो, मोबाईल माणसाचा असतो. टीव्हीवर सामना लागला की आजोबा, सून, पोरगी, सगळेच बघायचे. स्वयंपाकघरातून एक डोळा तिकडे असायचाच. मोबाईलवर सामना गेला की तो ज्याच्या हातात फोन त्याचा. आपल्या किती घरांत बाईच्या हातात स्वतःचा, नेट असलेला फोन आहे? गटाच्या कामासाठी घेतलेला फोनसुद्धा संध्याकाळी मुलाच्या हातात असतो. रोह्याच्या डोंगराकडच्या वाड्यांवर तर फोन असूनही रेंजसाठी टेकाडावर जावं लागतं. उद्या सगळे खेळ मोबाईलवर गेले आणि घरातला टीव्ही बंद पडला, तर दहा-बारा वर्षांच्या पोरीला कबड्डीची चढाई दिसणार कुठे?

म्हणून केबल काढायच्या आधी एक गोष्ट माहीत असू द्या. दूरदर्शनची डीडी फ्री डिश ही छत्री एकदा बसवली की महिन्याचं बिल नाही. २००७ च्या कायद्याने देशाच्या दृष्टीने महत्त्वाचे सामने, म्हणजे भारतीय पुरुष संघाचे अधिकृत एकदिवसीय आणि टी-ट्वेंटी सामने वगैरे, हक्क असलेल्या कंपनीने प्रसार भारतीला द्यावेच लागतात. जाहिरातीचा निदान पाऊण हिस्सा कंपनीचा, पाव हिस्सा प्रसार भारतीचा. त्यामुळे ते डीडी स्पोर्ट्सवर दिसतात. आयपीएल या कायद्यात येत नाही. आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हे फुकटचे सामने फक्त दूरदर्शनच्या अँटेनावर आणि फ्री डिशवर दाखवायचे, खाजगी केबलवरून नाही. त्यामुळे कुणी म्हणालं, "केबलवर दूरदर्शन लागतं तर मॅच का नाही?" तर केबलवाल्याशी भांडू नका, त्याचा दोष नाही.

बिचारा केबलवाला दोन्ही बाजूंनी कापला जातोय. परवडत नाही ते फ्री डिशकडे, परवडतं ते मोबाईलकडे. केबल कंपन्यांच्या संघटनेने २०२५ मध्ये काढलेल्या अहवालात, पैसे भरून टीव्ही बघणारी घरं २०१८ ला १५ कोटी १० लाख होती ती २०२४ ला ११ कोटी १० लाखांवर आली, असं म्हटलंय. सहा वर्षांत चार कोटी घरं. वहिनींच्या चार गावांतल्या गेलेल्या जोडण्या त्यातल्याच.

मोबाईलवर बघणाऱ्यांनाही एक सांगून ठेवते. ॲपचे पैसे भरताना 'ऑटोपे' चालू होतं, आणि मुदत संपली की पुन्हा आपोआप खात्यातून कापले जातात. आमच्या एका गटात एका ताईच्या खात्यातून असे पैसे जात होते आणि तिला वाटत होतं बँकच कापते. मुलाने आयपीएलसाठी लावलेलं, आयपीएल संपून दिवाळी आली तरी चालूच. ज्या ॲपवरून पैसे पाठवता त्यात ऑटोपेची यादी असते, ती उघडून बघा आणि नको ते बंद करा. आज संध्याकाळीच बघा.

मोबाईलमुळे एक दार मात्र उघडलंय, आणि ते आपल्या उपयोगाचं आहे. आपल्याकडे गावच्या टेनिस क्रिकेटचे सामने यूट्यूबवर थेट दाखवतात, नोकरीसाठी मुंबईला, आखातात गेलेली पोरं तिथून बघतात. त्याला ना सॅटेलाइट लागतं, ना लिलाव. मग आपल्या मुलींची कबड्डी का नाही? मोबाईलवरून थेट दाखवायला चॅनेलचे ५० सदस्य असले की पुरतं. जाहिरातीतून पैसे मिळायला १,००० सदस्य आणि वर्षभरात ४,००० तास बघितलं गेलेलं असावं लागतं, त्यानंतर जाहिरातीच्या कमाईतले ५५ टक्के चॅनेलवाल्याला. चार हजार तास ऐकून दचकू नका. दोन तासांची स्पर्धा पाचशे लोकांनी पूर्ण पाहिली की हजार तास झाले. अशा चार स्पर्धा. सामना संपल्यावर तो चॅनेलवर सगळ्यांसाठी ठेवायचा, पुसायचा नाही.

यातून लगेच घर चालेल असं मी म्हणत नाही, कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. सुरुवातीला मिळेल ते गावातल्या दुकानाच्या फलकातून, 'अमुक किराणा' असं पडद्याच्या कोपऱ्यात लिहून. आणि एक काळजी घ्यायचीच. मुलींच्या आईवडिलांची लेखी परवानगी, चॅनेलवरच्या प्रतिक्रिया बंद, आणि कॅमेरा कुणाच्या हातात द्यायचा ते आपण ठरवायचं. पोरींचा खेळ दाखवायचा आहे, बाकी काही नाही.

तर त्या साठ हजारांचं काय झालं, हे राहिलंच. पुढच्या बैठकीत मी हे सगळं सांगितलं. दोन तास चर्चा चालली, चहा दोनदा झाला. कोषाध्यक्ष मावशींचं म्हणणं पडलं की धंदा चालेल, पण एकदम सगळे पैसे नकोत. एका मावशींनी विचारलं, इंटरनेट दिलं तर बिल कोण वसूल करणार, तुमचा नवरा तर खांबावर असतो. वहिनी म्हणाल्या, मी करणार, पावती पुस्तक माझ्या नावाचं असेल. मग ठराव झाला. आधी तीस हजार, फायबर पहिल्या दोन गावांत. तिथे चाळीस जोडण्या झाल्या आणि सहा हप्ते वेळेत आले की उरलेले तीस. व्याज गटाच्या नेहमीच्या दराने. एक अट मी घालून घेतली आणि ती कुणी नाकारली नाही: गावच्या शाळेच्या मैदानावर मुलींचे कबड्डीचे सामने होतील त्या दिवशी त्यांनी मैदानापर्यंत जोडणी फुकट ओढून द्यायची.

पहिली गाठ सुटली आहे, वायर पहिल्या गावात पोचली. कबड्डीचे सामने माघी गणपतीनंतरच्या रविवारी आहेत. चॅनेलला अजून सदस्य एकतीसच झालेत, पन्नास लागतात. ऐकणाऱ्यांपैकी एकोणीस जणींनी आपापल्या गटाच्या सीआरपी ताईंकडून त्याची लिंक मागून घ्या.